एकशे चौदा तासांचं प्रेम

दैनंदिन मालिकेचा एक एपिसोड जाहिराती वगळून साधारण २२ मिनिटांचा धरा. आठवड्याला सहा एपिसोड, म्हणजे वर्षाला ३१२. गुणाकार केला की ६,८६४ मिनिटं होतात, म्हणजे ११४ तासांहून थोडं जास्तच. दोन माणसं एकमेकांच्या प्रेमात पडतात आणि ते त्यांचं त्यांना कळायला वर्ष जातं, एवढीच गोष्ट सांगायची असेल तरी मराठी मालिकेच्या लेखकाच्या हातात हे ११४ तास असतात. हातात म्हणायचे की गळ्यात, हा प्रश्न आहे.

तुलनेला अमेरिकेतली ‘द ऑफिस’ घ्या. जिम आणि पॅम ही जोडी सावकाश फुलणाऱ्या प्रेमाचा नमुना म्हणून जगभर सांगितली जाते. मार्च २००५ मध्ये मालिका सुरू झाली. मे २००६ मध्ये, दुसऱ्या सीझनच्या शेवटच्या एपिसोडमध्ये, जिमने तिला सांगून टाकलं. कॅलेंडरवर चौदा महिने गेले. पडद्यावर मात्र २८ एपिसोड, म्हणजे जेमतेम दहा तास. कोरियन मालिकांचा रूढ साचा सोळा एपिसोडचा, एकेक एपिसोड सव्वा तासाच्या आसपास. सगळी मालिका मिळून अठरा-वीस तास. आपल्या दैनंदिन हिशेबात हे दोन महिन्यांचं काम झालं. आपल्याकडे दोन महिन्यांत नायिकेच्या आत्याची ओळखसुद्धा नीट होत नाही.

म्हणजे प्रेक्षकाला ‘किती दिवस वाट पाहायला लावलं’ हा एक हिशेब आणि ‘किती तास दाखवलं’ हा दुसरा. साप्ताहिक मालिकेत हे दोन हिशेब वेगळे राहतात. मधले सहा दिवस रिकामे असतात आणि त्या रिकाम्या दिवसांत प्रेक्षक मनातल्या मनात जोडी पुढे नेत असतो. दैनंदिन मालिकेत रिकामा दिवस फक्त रविवारचा, आणि हल्ली तोही महाएपिसोड खातो. प्रेक्षकाच्या मनात जे घडायला हवं तेही पडद्यावरच भरावं लागतं, आणि भरायला काही नसलं की मग तेच ते येतं.

मराठी प्रेक्षकाला सावकाश जुळणारी जोडी मनापासून आवडते, आणि मराठी लेखक-नटांना ती रंगवताही येते. याचे पुरावे भरपूर आहेत. तरी बहुतेक जोड्या अर्ध्या वाटेवर विटतात, कारण गोष्ट कधी संपणार हे ती लिहिणाऱ्यालाच माहीत नसतं. म्हणून सरळ मागणी अशी: ज्या मालिकेचा मुख्य प्रश्न ‘या दोघांचं जुळणार कधी’ हा आहे, तिची लांबी वाहिनीने आधी ठरवावी आणि पहिल्या प्रोमोतच जाहीर करावी. १२० एपिसोड म्हणा, १५० म्हणा. पण आकडा असावा.

हे आपल्याकडे जमणार नाही असं म्हणणाऱ्यांनी २०१२ आठवावं. सतीश राजवाडे यांनी दिग्दर्शित केलेली ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ झी मराठीवर त्या वर्षीच्या जानेवारीत सुरू झाली आणि त्याच वर्षी संपलीही. राधा आणि घनश्याम, म्हणजे मुक्ता बर्वे आणि स्वप्नील जोशी. दोघांनाही लग्न नको, घरच्यांचा तगादा चुकवायला दोघं ठरवून लग्न करतात आणि पुढे वेगळं व्हायचंही आधीच ठरवून ठेवतात. त्याला अमेरिकेला जायचंय. ही मांडणी किती काटेकोर आहे पाहा. अडथळा दोघांनी स्वतःच उभा केलेला आहे, कुणी खलनायिकेने नाही. प्रेम वाढत जातं तसतसा तोच करार त्यांना टोचायला लागतो, आणि तो मोडायचा तर आधी ‘मी हरलो’ असं कबूल करावं लागतं. भरलेल्या घरात सगळ्यांसमोर नवरा-बायकोचं नाटक आणि खोलीचं दार लागल्यावर रूममेटसारखा व्यवहार. मग हळूहळू नाटक कुठे संपलं आणि खरं कुठे सुरू झालं ते दोघांनाही कळेनासं होतं. इथे अडवायला कुणी दाराआडून ऐकायची गरज पडत नाही.

२०१३ मध्ये ‘एका लग्नाची तिसरी गोष्ट’ आली. नाव चालवलं, जोडी बदलली. उमेश कामत आणि स्पृहा जोशी. गोष्ट संपवायची, पण नावाची सवय टिकवायची, ही व्यवहाराच्या दृष्टीनेही चोख युक्ती होती. वाहिन्यांनी ती पुढे धरून ठेवली असती तर आज हा लेख लिहावा लागला नसता.

अडथळ्याची एक साधी परीक्षा आहे. दोघांना एका खोलीत बसवा, पाच मिनिटं मोकळेपणाने बोलू द्या. बोलून झाल्यावर अडथळा नाहीसा झाला, तर तो मुळात अडथळा नव्हता, तो लेखकाचा वेळकाढूपणा होता. राधा-घनाला पाच मिनिटं दिली तरी करार, त्याची अमेरिका आणि दोघांचा ताठा तिथेच राहतो. उलट ‘तिने फोनवरचं अर्धंच बोलणं ऐकलं’, ‘चिठ्ठी भलत्याच हातात पडली’, ‘तो सांगणार तेवढ्यात आईची हाक आली’ हे सगळे अडथळे पाच मिनिटांत विरघळतात. असा ट्रॅक तीन एपिसोड टिकला तर लोक मजेने बघतात. तीन आठवडे टिकला तर दोघंही मूर्ख दिसायला लागतात, आणि मूर्खांच्या प्रेमाची हुरहूर कुणाला लागत नाही.

‘जुळून येती रेशीमगाठी’ या परीक्षेत बराच काळ उत्तम उतरते. २०१३ ते २०१५ या काळात झी मराठीवर चाललेली ही मालिका. मेघना म्हणजे प्राजक्ता माळी, आदित्य देसाई म्हणजे ललित प्रभाकर. मेघनाचं दुसऱ्यावर प्रेम आहे, वडिलांच्या शब्दाखातर ती बोहल्यावर चढते, आणि लग्नानंतर नवऱ्याला खरं काय ते सांगते. गंमत म्हणजे पहिल्या प्रियकराचं नावही आदित्यच. इथे पाच मिनिटांचं बोलणं आधीच होऊन गेलेलं आहे! सगळं उघड आहे, तरी गाठ सुटत नाही. नवरा म्हणतो, मी तुला तुझ्या आदित्यपर्यंत पोचवतो. तो तिला शोधायला मदत करतो आणि शोधता शोधता स्वतःच अडकतो. त्याला प्रेम कळतं तेव्हा ते सांगणं हाच दिलेल्या शब्दाचा भंग ठरतो. नायकाचा सज्जनपणा हाच अडथळा, ही कल्पना आजही ताजी वाटते.

पण या मालिकेबद्दल एक हरकत नोंदवायलाच हवी, कारण ती पुढच्या डझनभर मालिकांना लागू पडते. शेवटी वडिलांनी मनाविरुद्ध लावलेलं लग्नच बरोबर ठरतं. ‘आधी लग्न, मग प्रेम’ या साच्याची सोय मोठी आहे: दोन अनोळखी माणसं एका छताखाली येतात, जवळीक घरमान्य असते, सेन्सॉरची भीती नाही, आजीसकट सगळं घर एकत्र बसून बघू शकतं. २०२४च्या डिसेंबरमध्ये स्टार प्रवाहने तर मालिकेचं नावच ‘लग्नानंतर होईलच प्रेम’ ठेवलं. त्या नावातल्या ‘च’कडे बघा. प्रेम होईलच अशी खात्री असेल तर वाट पाहण्यात अर्थ काय उरला? सावकाश जुळणाऱ्या गोष्टीचा सगळा ताण ‘कदाचित होणारही नाही’ या शक्यतेवर उभा असतो. नायिका उठून जाऊ शकते, गेली तर तिचं वाटोळं होणार नाही, एवढं तरी गोष्टीने खरोखर मानलं पाहिजे. तिला कुठेच जागा नसेल आणि ती हळूहळू ‘विरघळत’ असेल, तर त्याला आपण प्रेम म्हणतोय की सवय, हे तपासावं. मेघनाच्या बाबतीत नवरा तिला दार उघडून देतो, म्हणून ती गोष्ट वाचते. पुढच्या अनेक मालिकांनी साचा उचलला, दार मात्र उचललं नाही.

याउलट ‘अग्गंबाई सासूबाई’. २०१९ मध्ये सुरू झालेल्या या मालिकेत निवेदिता सराफ यांची आसावरी ही विधवा सासू, गिरीश ओक यांचा शेफ अभिजित राजे, आणि सासूचं लग्न जुळवायला पदर खोचून उभी राहिलेली सून शुभ्रा, म्हणजे तेजश्री प्रधान. अडथळा कुठे आहे? मुलगा बबड्या विरोध करतो, समाज काय म्हणेल हे आहेच. पण खरा अडथळा आसावरीच्या आत आहे. आयुष्यभर मान खाली घालून जगल्यामुळे स्वतःला काही हवंय असं म्हणायचीच तिला सवय नाही. तिने एखाद्या पदार्थाला ‘मला आवडतो’ म्हणणं हीसुद्धा मोठी घटना ठरते. पन्नाशीच्या पुढच्या बाईच्या प्रेमाला जो संथपणा लागतो तो इथे मुळातूनच आलेला होता, ओढून आणलेला नव्हता. पुढे लग्न झालं, आणि मालिका बबड्याच्या उचापतींनी व्यापली. लोक बबड्यावर विनोद करू लागले आणि आसावरी-अभिजित मागे पडले. लग्न हाच शेवट असायला हवा होता. पण स्लॉट चालू होता, आकडे बरे होते, मग बंद कोण करणार?

आकड्यांचं चक्र माहीत असल्याशिवाय ही अडचण नीट समजत नाही. कोणती मालिका किती लोक बघतात ते मोजणाऱ्या बार्क या संस्थेचे आकडे आठवड्याला, गुरुवारी येतात. मालिकेचा एक कथाकार, एक पटकथाकार, एक संवादलेखक. तिन्ही बहुधा वेगळे. त्यांच्यावर निर्मात्याचा आणि वाहिनीचा क्रिएटिव्ह विभाग. पटकथा आधी एका ओळीत मंजूर होते, तिला ‘वन लाइन’ म्हणतात. मग सीन पडतात, मग संवाद. चांगल्या दिवसांत आधीच तयार असलेल्या आठ-दहा एपिसोडची बँक हातात असते. वाईट दिवसांत सकाळी आलेला कागद दुपारी शूट होतो. अशा वेळी गुरुवारी आकडा घसरला की पहिला फोन येतो तो असा: ‘जोडीचा काहीतरी मोठा प्रसंग आणा.’ मग प्रेमाची कबुली अर्धवट शिजलेल्या अवस्थेत प्रोमोत जाते. आकडा वाढला की दुसरा फोन: ‘आता लगेच एकत्र आणू नका, ताणा.’ मग कबुली स्वप्नात होती असं निघतं, नाहीतर ऐकणाऱ्याने कानात हेडफोन घातलेले असतात. या दोन फोनांमध्ये सापडलेला लेखक कितीही तयारीचा असो, त्याला प्रेमकथेची चाल ठेवता येत नाही, कारण चाल ठेवायला पुढचं अंतर माहीत लागतं.

सावकाश जुळणाऱ्या जोडीत खरं काम पायऱ्यांचं असतं, आणि पायरीची अट एकच: चढली की उतरता येत नाही. अहो-जाहो सुटून अरे-तुरे येणं. तिने त्याला आपला पगार किंवा घरावरचं कर्ज सांगणं. त्याने चारचौघांत तिची बाजू घेणं, आणि ‘मला तुझी गरज नव्हती’ म्हणून तिने त्याला एकांतात झापणं. घरातल्या तिसऱ्या माणसाबद्दल दोघांचा एक खासगी विनोद तयार होणं. पहिल्यांदा एकाने दुसऱ्याला दुखवण्यासाठी नेमकं वर्मावर बोलणं, कारण वर्म ठाऊक होण्याइतकी जवळीक आता झालेली आहे. १२० एपिसोडच्या गोष्टीला अशा बारा ते पंधरा पायऱ्या पुरतात. आठ-दहा एपिसोडला एक. मधल्या एपिसोडांत त्या पायरीचे पडसाद दिसले पाहिजेत. अरे-तुरे आल्यावर चुकून सासूसमोर ‘तू’ तोंडातून निसटतो, दुसऱ्या दिवशी भांडणात मुद्दाम ‘तुम्ही’ वापरलं जातं, एवढ्यात एक आठवडा सहज निभतो, आणि कुणाला ताणल्यासारखं वाटत नाही.

माहितीचा क्रमही महत्त्वाचा. प्रेम आहे हे आधी प्रेक्षकाला कळावं, मग घरातल्या एखाद्या मुरलेल्या माणसाला, मग दोघांपैकी एकाला, आणि सगळ्यांत शेवटी दुसऱ्याला. या चार टप्प्यांमधली अंतरं सारखी ठेवली तर गोष्ट सपाट होते. पहिलं अंतर लांब चालतं. तिसरं, म्हणजे ‘एकाला कळलंय, दुसऱ्याला नाही’ हे, सगळ्यांत नाजूक. तिथे पाच आठवड्यांपेक्षा जास्त रेंगाळलं की माहीत असलेला माणूस भ्याड वाटायला लागतो. ‘द ऑफिस’मध्ये माहितीपट चित्रित करणारा कॅमेरा गोष्टीचाच भाग असल्यामुळे प्रेक्षकाला जिमची चोरटी नजर पॅमच्या आधी दिसते, आणि पॅमला ठाऊक नसलेलं आपल्याला ठाऊक आहे या जाणिवेवरच पुढचे दहा तास चालतात. मराठी मालिकेत हे काम करणारी आजी, मोलकरीण, धाकटा दीर सगळे हजर असतात. पण त्यांना कळताच ते तावातावाने सांगायला धावतात, आणि वाटेत खलनायिका भेटते.

पायऱ्या पुसून टाकणारी दोन हत्यारं आहेत आणि दोन्हींवर बंदी हवी. पहिलं, स्मृतिभ्रंश. ‘होणार सून मी ह्या घरची’मध्ये जान्हवी आणि श्री यांची जोडी, तेजश्री प्रधान आणि शशांक केतकर, इतकी लोकप्रिय झाली की संपवणं कुणाच्या मनात आलं नाही. २०१३ला सुरू झालेली मालिका २०१६ उजाडेपर्यंत चालली. बँकेत काम करणारी साधी मुलगी आणि पैशाचा माज नसलेला मुलगा यांचं सुरुवातीचं जुळणं फार गोड होतं. पुढे काय काय झालं ते सर्वांना माहीत आहे: दुरावा, घटस्फोट, अपघात, गेलेली स्मृती, आणि मग ते लांबलेलं गरोदरपण, ज्यावर महाराष्ट्रभर विनोद झाले. नायिकेची स्मृती गेली की प्रेक्षकाने साठवलेल्या सगळ्या पायऱ्यांची किंमत शून्य होते. तो पुन्हा पहिलीपासून चढायला तयार असतो असं वाहिनीला वाटतं. तो चढत नाही, बसून टिंगल करतो.

दुसरं हत्यार, नट बदलणं. यात दोष कुणा एकाचा नसतो. माणसं थकतात, तारखा जुळत नाहीत, तीन-तीन वर्षं एकाच भूमिकेत अडकायला कुणाला आवडेल? ‘प्रेमाची गोष्ट’मध्ये २०२५च्या सुरुवातीला मुक्ताच्या भूमिकेत तेजश्री प्रधान यांच्या जागी स्वरदा ठिगळे आल्या. सासू बदलली तर आठवड्यात सवय होते. प्रेमकथेतली नायिका बदलली की नजरांची जमा झालेली शिल्लक नव्या चेहऱ्याच्या नावावर वळवता येत नाही, मग नवी अभिनेत्री कितीही गुणी असो. मुदत ठरलेली असेल तर नट करारच तेवढ्या मुदतीचा करतील. पाच-सहा महिने कोण थांबणार नाही?

एक तिसरा प्रकारही आहे. ‘तुला पाहते रे’ने २०१८-१९ मध्ये विशीतली ईशा निमकर आणि तिच्याहून वयाने बराच मोठा उद्योगपती विक्रांत सरंजामे यांची गोष्ट सुरू केली. वयाचं अंतर हा पाच मिनिटांत न विरघळणारा अडथळा, शिवाय सुबोध भावे यांचा संयत वावर. जानेवारी २०१९ मध्ये थाटात लग्न लागलं, आणि मग विक्रांत कपटी निघाला, ईशा म्हणजे त्याच्या पहिल्या बायकोचा, राजनंदिनीचा, पुनर्जन्म निघाली. ज्यांनी सहा महिने त्या दोघांच्या नजरांवर जीव टाकला होता, त्यांना मागे वळून सगळं खोटं म्हणावं लागलं. कलाटणी धाडसी होती यात शंका नाही, आणि मालिका वर्षभरात संपवली याचं श्रेयही द्यायला हवं. तरी प्रेमकथा म्हणून विकून सूडकथा हाती देणं हा प्रेक्षकाशी केलेला व्यवहार सरळ नव्हता.

लांबवायचंच असेल तर त्याची एक प्रामाणिक रीत आहे: दुसरं इंजिन जोडणं. डिसेंबर २०२२ मध्ये स्टार प्रवाहवर आलेली ‘ठरलं तर मग’ ‘रोजा’ या तमिळ मालिकेवर बेतलेली. अर्जुन सुभेदार हा वकील, सायली अनाथाश्रमात वाढलेली. तिला वाढवणाऱ्या, तुरुंगात अडकलेल्या मधुभाऊंना सोडवायच्या बदल्यात कराराचं लग्न. करार पुन्हा तोच, ‘दुसरी गोष्ट’चाच भाऊबंद. पण इथे खुनाचा खटला आहे, आणि लहानपणी हरवलेली खरी तन्वी कोण हे रहस्य आहे, जे प्रेक्षकाला माहीत आणि घरच्यांना नाही. जोडी दोन आठवडे जागच्या जागी असली तरी खटला पुढे सरकतो, म्हणून प्रेमाचा प्रसंग आला की तो पुनरावृत्ती वाटत नाही. अमित भानुशाली आणि जुई गडकरी यांनी हे कित्येकशे एपिसोड पेललं. पण त्यातही दार वाजणं आणि फोन येणं यांचा भरणा किती, हे नियमित बघणाऱ्याला विचारा. दुसरं इंजिन वजन ओढतं, वजन कमी करत नाही.

चित्रीकरणाच्या सवयीही संथ प्रेमाच्या मुळावर येतात. युनिट दिवसाला साधारण एक एपिसोड उरकतं. सीन गोष्टीच्या क्रमाने घेतले जात नाहीत. सेटवरच्या जागेप्रमाणे घेतले जातात, बेडरूमचे एकदम, हॉलचे एकदम. त्यामुळे बुधवारचा अबोला सोमवारच्या समेटाच्या आधी शूट झालेला असतो, आणि नटाने नेमकी किती जवळीक दाखवायची ते कुणीच सांगू शकत नाही. यावर उपाय फुकटचा आहे. कपड्यांच्या आणि टिकलीच्या कंटिन्युइटीची नोंद ठेवतातच, तिच्या शेजारी आणखी एक तक्ता ठेवावा: एपिसोड क्रमांक, तिला काय कळलंय, त्याला काय कळलंय, ‘तू’ की ‘तुम्ही’, स्पर्श कुठवर झालाय, शेवटचं भांडण कशावरून. सहा रकाने. सहायक दिग्दर्शकाने सीनआधी तो वाचून दाखवला तरी अर्ध्या चुका टळतील.

मग कॅमेरा. नजरेला नजर भिडली की तिचा क्लोजअप, त्याचा क्लोजअप, पुन्हा तिचा, वारा, उडणारे केस, आणि शीर्षकगीताची संथ धून. या प्रकाराने प्रेक्षकाला सांगितलं जातं की हे प्रेम आहे. ज्या क्षणी सांगितलं, त्या क्षणी त्याने ओळखायचं काही उरलं नाही. दोघांना एकाच चौकटीत ठेवा, दोघांच्या मधली मोकळी जागा दिसू द्या, पंधरा-वीस सेकंद संगीत बंद ठेवा, बाहेरच्या भाजीवाल्याची आरोळी ऐकू येऊ द्या. अशा सीनला क्लोजअपांपेक्षा कॅमेरा-लाइटचे कमी सेटअप लागतात, म्हणजे वेळही वाचतो. लागते ती तालीम, आणि तालमीला वेळ नसतो, हे खरं दुखणं.

बऱ्याच पाकिस्तानी मालिका आठवड्याला एक-दोन एपिसोड आणि पंचवीस-तीस एपिसोडांत गोष्ट संपवतात. ‘जिंदगी गुलजार है’ २६ एपिसोडची. लेखिका उमेरा अहमद, दिग्दर्शिका सुलताना सिद्दिकी. २०१४ मध्ये जिंदगी वाहिनीवर ती इकडे दिसली आणि घरोघरी पोचली. मुलगा हवा म्हणून बापाने दुसरं लग्न केलं, त्यामुळे कशफचा पुरुषांवरच विश्वास नाही. जारूनला श्रीमंतीतला बेफिकीर गर्व. हे दोन्ही अडथळे स्वभावातले असल्यामुळे लग्न झाल्यावरही संपत नाहीत, उलट लग्नानंतरच त्यांची खरी परीक्षा होते. आणि सगळी गोष्ट एका लेखिकेच्या डोक्यात होती. चौथ्या एपिसोडमधलं बारीकसं बोलणं विसाव्यात परत येतं, कारण लिहिणारा हात तोच. आपल्याकडे चौथ्या एपिसोडचा संवादलेखक विसाव्यापर्यंत टिकेल याचीही खात्री नसते.

विरुद्ध बाजू पोकळ नाही. सेट उभारणीचा खर्च एकदाच होतो आणि एपिसोड वाढतील तसा तो विभागला जातो. नवी मालिका उतरवायची म्हणजे प्रोमो, होर्डिंग, आणि पहिले काही आठवडे पडेल त्या आकड्यावर जीव मुठीत धरून बसणं. जाहिरातदाराला बसलेलं नाव हवं असतं. शिवाय स्पॉटदादा, लाइटदादा, मेकअपदादा हे सगळे रोजच्या शिफ्टवर जगतात. मालिका बंद म्हणजे त्यांचं काम बंद. म्हणून मागणी ‘मालिका लवकर बंद करा’ अशी नाही. स्लॉट, निर्माता, युनिट, शक्य तिथे सेटही तोच ठेवा, आणि त्यावर वर्षातून दोन गोष्टी सांगा. ‘दुसरी’ आणि ‘तिसरी’ गोष्टीने नाव टिकवून जोडी बदलता येते हे दाखवून दिलं आहेच. रंग आणि पडदे बदलले की देसायांचा हॉल कुलकर्ण्यांचा होतो, हे कलादिग्दर्शकांना सांगायला नको.

वाहिन्यांच्या मनात आणखी एक जुनी भीती आहे: जोडी एकत्र आली की मालिका मेली. हिचा उगम अमेरिकेतल्या ‘मूनलाइटिंग’मध्ये सांगतात. १९८५ला सुरू झालेली ही गुप्तहेरांची मालिका. मॅडी आणि डेव्हिड यांची सततची धुसफूस हाच तिचा जीव. मार्च १९८७ मध्ये ते एकत्र आले, नंतर मालिका घसरली आणि १९८९ मध्ये संपली. निष्कर्ष सोपा काढला गेला. पण त्या दरम्यान काय काय घडलं ते पाहा. मॅडी झालेल्या सिबिल शेफर्ड गरोदर होत्या, त्यांना जुळं होणार होतं. डेव्हिड झालेले ब्रूस विलिस चित्रपटाच्या चित्रीकरणात गुंतले होते. त्यामुळे दोघांना एका सीनमध्ये आणणंच कठीण झालं. मालिकेचे कर्ते ग्लेन गॉर्डन कॅरन बाहेर पडले. १९८८ मध्ये लेखकांचा संप झाला. जोडी एकत्र आली म्हणून नव्हे, जोडी पडद्यावर एकत्र दिसेनाशी झाली म्हणून मालिका बसली, असं म्हणायला भरपूर जागा आहे. उलट जिम आणि पॅमचं लग्न २००९ मध्ये सहाव्या सीझनला लागलं आणि ‘द ऑफिस’ त्यानंतर २०१३ पर्यंत चालली.

म्हणून १२० एपिसोडचा आराखडा करताना कबुली शेवटच्या एपिसोडला ठेवू नये. पहिले वीस एपिसोड अडथळा घट्ट रोवण्यात जावेत, प्रेमाचा उल्लेखही नको. साठाव्याच्या आसपास एकाला उमगावं. पंच्याऐंशी-नव्वदच्या दरम्यान बोलणं व्हावं, शक्यतो साध्या मंगळवारी, प्रोमो न करता. उरलेले तीस एपिसोड दोघांना एकत्र राहू द्यावं: बिलं कोण भरणार, तिच्या आईला कोण सांभाळणार, अमेरिकेचं काय करायचं. तिथे लेखकाला नवा अडथळा शोधायचा नसतो, जुन्याच अडथळ्याचा हिशेब चुकता करायचा असतो. यूट्यूबवर आणि इन्स्टाग्रामवर प्रेक्षक आपल्या आवडत्या जोडीचे तेवढेच प्रसंग कापून, कारस्थानं गाळून, सलग जोडून बघतात. शेकडो एपिसोडांतून त्यांच्या हाती काही तास उरतात. वाहिन्यांच्या क्रिएटिव्ह विभागाने एकदा तो कापलेला ऐवज सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहावा आणि त्याची लांबी मोजावी. पुढच्या मालिकेचा आकडा ठरवायला ती पुरेल.